घोरपडीचा ओढा अडला

"ओढा गेला! अरे, ओढा गेला!"

योगीराज धावत अंगणात आला आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागला. शिवकुमार चहात बटर बुडवत होता. दचकून त्याचं अख्खं बटर कपातच पडलं.

"गेला म्हणजे?" सोनालीने विचारलं. "ओढा काय बैल हाय का, दावं तोडून जायला?"

"पाणीच न्हाय त्यात! खेकडे धरायला गेलतो. समदं कोरडं!"

"काहीतरीच!" शिवकुमार म्हणाला. "परवा एवढा पाऊस झाला. काल तर ओढ्याचा आवाज इथपर्यंत येत होता."

"मग आता येतोय का? ऐक की!"

चौघंही गप्प झाली. खरंच, आवाज नव्हता. आभाळ राखेसारखं दिसत होतं. झाडाचं पानही हलत नव्हतं. चार दिवस कानात बसलेली ती खळखळ कुणीतरी पुसून टाकल्यासारखी नाहीशी झाली होती.

महेश्वरी उठून उभी राहिली. "चला, बघून येऊ!"

महेश्वरी आठवीत होती आणि तिचा धाकटा भाऊ शिवकुमार सहावीत. दोघं उमरग्याहून दिवाळीच्या सुट्टीत शिवांजलीमावशीकडे आली होती. मावशी धाराशिवला कॉलेजात पर्यावरण शिकवायची, पण या सुट्टीत ती चिंचदऱ्याच्या वस्तीवर मुक्कामाला होती. वस्तीच्या डोक्यावर डोंगर होता आणि डोंगराच्या माथ्यावर पसरलेलं माळरान. तिथे पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. त्यांच्या अजस्र पात्यांचे ट्रेलर वर जावेत म्हणून माळ आणि डोंगराची कड कापून रुंद रस्ते केले जात होते. या सगळ्याचा भार डोंगर किती सोसेल, कुठला भाग आधी ढासळेल, याचा मावशी अभ्यास करत होती.

सोनालीच्या घरी मावशीने एक खोली घेतली होती. सोनाली आणि तिचा चुलतभाऊ योगीराज याच वस्तीवरचे, त्यामुळे पहिल्याच दिवशी चौघांची टोळी जमली. मावशी टोळीला बरोबर घेऊन उतारावर फिरायची. जागोजागी लांब खिळे जमिनीच्या पातळीपर्यंत ठोकायची आणि खुणेला लाल चिंधी बांधायची.

"माती वाहून गेली की खिळ्याचं डोकं वर दिसायला लागतं," तिने सांगितलं होतं. "इथे कातळावर जेमतेम वीतभर माती आहे. गवताच्या मुळांनी धरलीय म्हणून टिकलीय. गवत गेलं की माती गेली."

मावशीच्या नकाशात सगळ्यांत नाजूक जागा लाल रंगवल्या होत्या. घोरपडीचा दरा वरपासून खालपर्यंत लाल होता. ओढा त्याच दऱ्यातून वस्तीकडे उतरायचा.

आज मावशी पहिल्या एसटीने धाराशिवला गेली होती. तिचा जुना फोन महेश्वरीकडे होता, पण वस्तीत रेंजच नव्हती.

चौघं ओढ्यावर पोचली. गोटे अजून ओले होते. राहिलेल्या चिखलात बोटभर लांबीचे मासे तडफडत होते. डबक्याच्या कडेला खेकडे एकमेकांवर चढून बसले होते. दोन बगळे निवांतपणे मासे उचलत होते.

"होळीपर्यंत वाहतो आमचा ओढा," सोनाली हळूच म्हणाली. "दुष्काळातसुदिक दिवाळीला पाणी असतंय."

शिवकुमार ओंजळीत मासे धरून खोल डबक्यात सोडू लागला. योगीराजने दोन-तीन टाकले आणि हात झटकले. "किती सोडशील? हजार हायत!"

"जेवढे होतील तेवढे!" शिवकुमार रडवेला होऊन म्हणाला.

सोनालीचे आजोबा, गुरुसिद्धप्पा, खळ्यावर सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढत होते. वस्तीवर त्यांचा शब्द चालायचा.

"आज्जा, ओढा आटलाय!" सोनाली म्हणाली.

"वर कुणीतरी मोटार टाकली असंल."

"मोटारीनं अख्खा ओढा कसा आटंल, आज्जा?"

"मग काय डोंगरानं पिला?" आजोबा वैतागले. "आभाळ भरून आलंय, दिसंना का? ती ताडपत्री धर तिकडून! आन् लांब जाऊ नका."

ताडपत्री बांधून होताच चौघं दऱ्याकडे निघाली.

"लांब जाऊ नका म्हणाले ना!" शिवकुमार कुरकुरला.

"हे लांब नाही," महेश्वरी म्हणाली. "हे वर आहे."

एरवी त्या दऱ्यात पाखरांचा गलका असायचा. आज गोट्यांवर पडणाऱ्या त्यांच्या पावलांचाच आवाज होता. जसजसा दरा अरुंद झाला, तसतसा चिखल वाढला. मुळासकट उपटलेली करवंदीची जाळी वाटेत आडवी पडली होती. एका दगडाखाली घोरपड चेंगरून मेलेली दिसली. योगीराजने नजर वळवली.

वळण घेताच सोनाली थबकली. "हे काय आता!"

समोर वाट संपली होती. दऱ्याच्या दोन्ही कातळांमध्ये मुरूम, माती आणि दगडांचा घरापेक्षा उंच ढीग बसला होता. वरून, थेट डोंगराच्या कडेपासून, लालसर मातीचा ओरखडा खालपर्यंत आला होता.

"रस्त्याची माती!" महेश्वरी म्हणाली. "रस्ता कापताना निघालेली माती वरून दऱ्यात ओतलीय त्यांनी. परवाच्या पावसानं ती भिजली आणि काल रात्री सगळी घसरून इथे अडकली!"

"आपले खिळे?" शिवकुमारने विचारलं.

मावशीचे खिळे याच जागी होते. माती वाहून ते उघडे पडतील अशी तिला धास्ती होती. ते तर या ढिगाखाली गाडले गेले होते.

"पण मग पाणी कुठं हाय?" योगीराजने विचारलं.

त्याचं उत्तर कुणालाच द्यावं लागलं नाही. चौघं बाजूच्या कातळावरून, झुडपं धरत वर चढली. ढिगापलीकडे तळं होतं! तांबूस, गढूळ आणि निश्चल. मधोमध एका हिवराचा फक्त शेंडा वर दिसत होता. त्यावर एक घरटं होतं आणि बाजूला होला बसला होता.

महेश्वरीने पाण्याच्या काठाला एक पांढरा दगड ठेवला. सगळी बघत बसली. थोड्याच वेळात दगडाच्या कडा भिजल्या. मग तो अर्धा बुडाला. मग दिसेनासा झाला.

"चढतंय," ती म्हणाली. ती दोन पावलं मागे सरकली.

"आन् ह्याच्या खाली आपली वस्ती हाय," सोनाली म्हणाली.

शिवकुमार ढिगाच्या खालच्या बाजूला वाकून बघत होता. "ताई, ढिगाच्या बुडातून थोडं पाणी निघतंय. बारीक धार आहे."

"मग बरंच हाय की!" योगीराज म्हणाला. "असंच रिकामं होईल!"

महेश्वरीला खात्री वाटेना. तिने फोनवर फोटो काढले. "वर जाऊ. वर रेंज आहे, आणि माणसंही आहेत."

माथ्यावर वारा सुटला होता. मागच्या वर्षी इथे कमरेएवढं गवत होतं, असं सोनाली चालता चालता सांगत होती. आता डोंगराच्या कडेला मातीचे ढिगारे होते आणि एक पिवळं पोकलेन बंद उभं होतं. पत्र्याच्या खोलीत साइटचे साहेब, गौरीशंकर, बॅग भरत होते. दाराशी सोनालीचे काका बंडप्पा बसले होते. ते साइटवर राखणदार होते.

"तुमी इथं कशाला आलाव गं?" बंडप्पाकाका दचकून उठले.

महेश्वरीने एका दमात सगळं सांगितलं. गौरीशंकर साहेबांनी फोटो पाहिले. क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी फोन परत दिला.

"साचलं असेल थोडं पाणी. जिरेल ते."

"थोडं नाही, काका! झाड बुडालंय! पोकलेननं बाजूनं वाट करून द्या ना!"

"चालवणारा गेला गावाला. दिवाळी आहे, बाळ. मलाही गाडी पकडायचीय. चार दिवसांनी बघू."

"चार दिवसांत वस्ती वाहून जाईल!" सोनाली ओरडली.

"ए, हळू! कुणी शिकवलं हे? त्या कॉलेजच्या मॅडमनी ना? त्यांना नकाशात सगळीकडे लाल रंगच दिसतो." साहेब बंडप्पाकाकांकडे वळले. "बंडप्पा, गाडीवर जा आणि घरी सांगून ये, पोरांना आवरा म्हणावं. साइटवर काही लागलं तर जबाबदारी कोणाची?"

काकांनी मान खाली घालून मोटारसायकलला किक मारली.

पोरं बाहेर आली. महेश्वरीने मावशीला फोटो पाठवले होते. ती पत्र्याच्या खोलीमागे पोचते न पोचते तोच फोन वाजला. तिने तो स्पीकरवर घेतला.

"महेश्वरी, कुठे आहात?" मावशीचा आवाज घाईचा होता. "नीट ऐक. ढिगाच्या पायथ्याशी पाणी झिरपतंय का?"

"हो. बारीक धार आहे."

"स्वच्छ आहे की गढूळ?"

महेश्वरीने शिवकुमारकडे पाहिलं. "गढूळ," तो म्हणाला. "चहासारखं."

"गढूळ म्हणजे आतली माती पाण्याबरोबर बाहेर पडतेय. ढीग आतून पोकळ होतोय. तो फुटणार, महेश्वरी. कधी ते मला सांगता येत नाही. वस्तीतल्या सगळ्यांना देवळाच्या टेकाडावर न्या. आणि काहीही झालं तरी दऱ्यातून उतरू नका! कडेच्या पायवाटेनं जा. मी तहसीलला फोन करते आणि निघते. पळा!"

ती पळाली. काट्यांनी पोटऱ्या ओरबाडल्या, योगीराजची चप्पल तुटली, शिवकुमार दोनदा पडला. त्यांच्या पाठीमागे माथ्यावर पाऊस उतरला होता. खाली अजून एक थेंब नव्हता, पण वरचा डोंगर पावसात दिसेनासा झाला.

खळ्यावर गुरुसिद्धप्पा आजोबा काठी घेऊन उभे होते. बंडप्पाकाका आधीच पोचले होते.

"लांब जाऊ नका म्हणलं होतं का न्हाय?"

"आज्जा, वर तळं साचलंय! फुटणार हाय! समद्यांनी देवळाकडं चला!"

"बंडप्पानं सांगितलंय समदं. सायेब म्हणले काय होत न्हाय."

"साहेबांनी बघितलंच नाही, आजोबा!" महेश्वरी कळवळून म्हणाली. "मावशीचा फोन आला होता..."

"मावशी धाराशिवात बसून सांगती व्हय? हा डोंगर माझ्या बापानं बघितला, त्येच्या बापानं बघितला. कधी हलला न्हाय. आन् पाऊस यायलाय, गंज्या झाकायच्या का डोंगर बघायचा? जावा घरात!"

बंडप्पाकाकांनी खाली बघत ताडपत्रीची दोरी उचलली. आजूबाजूच्या खळ्यांवरची माणसंही पुन्हा ताडपत्र्यांना दोऱ्या बांधू लागली. महेश्वरीचे डोळे भरून आले. इतकी माणसं, इतकी जवळ, आणि एकही ऐकत नाही!

सोनालीने तिचा हात धरून तिला गोठ्यामागे ओढलं.

"माणसं ऐकत न्हाईत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पर शेळ्या ऐकतेत माझं."

"म्हणजे?"

"वस्तीतल्या समद्या शेळ्या सोडायच्या. मी म्होरं पळते टेकाडाकडं. शेळ्या माझ्या मागं येतेत, आन् शेळ्यांच्या मागं त्यांचे मालक. येतेत का न्हाय बघ!"

"मार बसंल!" योगीराज म्हणाला.

"बसू दे!"

पुढचं सगळं झटपट झालं. योगीराज घरोघरच्या मागच्या दारांनी घुसला आणि दावी सोडत सुटला. महेश्वरीने शेळ्या कोंडायच्या वाड्यांची फाटकं उघडली. सोनालीने शेंगांच्या पाल्याची पेंढी डोक्यावर धरली, जोरात हाळी दिली आणि देवळाच्या वाटेला लागली. बें-बें करत, उड्या मारत, एकमेकींना ढुशा देत शेळ्यांचा लोंढा तिच्या मागे धावला.

"ए पोरी! शेळ्या कुठं चालवल्यास?"

"धरा तिला! सणासुदीचं काय हे!"

बाया हातातली कामं टाकून पळाल्या. पुरुष ताडपत्र्या सोडून पळाले. लहान पोरं तर मजा म्हणून पळाली. गुरुसिद्धप्पा आजोबा काठी उगारत सगळ्यांत मागे होते.

"ताई," शिवकुमार म्हणाला, "इरम्मा आज्जी!"

इरम्मा आज्जींचं घर सगळ्यांत खाली, ओढ्याच्या अगदी काठाला होतं. त्यांच्याकडे शेळ्या नव्हत्या. दोघं धावत तिथे पोचली, तेव्हा आज्जी उंबऱ्यात बसून वाती वळत होत्या.

"आज्जी, चला! पाणी येतंय!"

"बेड, बेड!" आज्जींनी हात झटकला. नको म्हणायचं असलं की त्या कानडीवर यायच्या. "पाणी कुठलं आता? ओढा तर आटलाय."

महेश्वरीने त्यांचा दंड धरला, पण आज्जींनी दाराची चौकट घट्ट पकडली. तेवढ्यात शिवकुमार घरात घुसला. दोन दिवस तो आज्जींच्या कोंबडीला हात लावायलाही घाबरत होता. आता त्याने पिल्लांसकट डालगंच उचललं आणि बाहेर धूम ठोकली.

"अय्यो! चोर! माझी पिल्लं!"

आज्जी चौकट सोडून उठल्या आणि शिव्या देत त्याच्यामागे निघाल्या. महेश्वरी त्यांना मागून आधार देत अक्षरशः ढकलत होती.

टेकाडावर गोंधळ माजला होता. सोनालीला तिच्या आईने एक थोबाडीत दिली होती. ती गालावर हात धरून उभी होती आणि दऱ्याकडे बघत होती. आज्जी वर पोचल्या, तेवढ्यात आवाज आला.

आधी तो ढगाचा वाटला. पण ढगाचा आवाज थांबतो. हा थांबेना, वाढतच गेला. जमीन थरथरली. शेळ्या एकदम गप्प झाल्या.

घोरपडीच्या दऱ्यातून तांबडी भिंत बाहेर पडली. तिच्यात झाडं होती, दगड होते. ते एकमेकांवर आपटत होते. इरम्मा आज्जींचं घर ती पोचताच खाली बसलं. मग गोठे. मग खळं. ताडपत्रीने बांधलेली गंजी क्षणभर होडीसारखी तरंगली आणि फुटून पसरली.

"बैलं!" गुरुसिद्धप्पा आजोबा किंचाळले. "माझी बैलं खाली हायती!"

बैलजोडी वस्तीपलीकडे, ओढ्याकडच्या रानात बांधलेली होती; तिथे पाणी आत्ता कुठे पसरू लागलं होतं. बंडप्पाकाका कुणी धरायच्या आत उतारावरून पळाले. "बंडप्पा, फिर मागं! फिर!" आजोबा ओरडत राहिले. काका गुडघाभर पाण्यात शिरले, एका बैलाचं दावं विळ्याने कापलं. तो बैल काठाकडे झेपावला. दुसऱ्यापर्यंत काका पोचले नाहीत. तो मान वर काढून एकदा हंबरला, आणि पाणी त्याच्यावरून गेलं.

काका पहिल्या बैलामागोमाग धडपडत वर आले. एकेक घर स्वतःच्या माणसांची डोकी मोजू लागलं. सगळी होती. सगळीच्या सगळी होती. इरम्मा आज्जी शिवकुमारच्या हातातलं डालगं न घेताच त्याच्या डोक्यावर हात ठेवून रडू लागल्या.

संध्याकाळी पाणी ओसरलं. तहसीलदारीणबाई आल्या, पोलीस आले, आणि चिखलातून चालत मावशी आली. तिने चौघांना एकदम कवेत घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. रस्ता चिखलाखाली गेल्याने गौरीशंकर साहेबांना गाडी पकडता आली नव्हती. ते देवळाच्या पायरीवर, चिखलाने भरलेल्या बुटांकडे बघत बसले होते.

"माती दऱ्यात टाकायची परवानगी होती का?" तहसीलदारीणबाईंनी विचारलं.

"नव्हती, मॅडम. लांब नेऊन टाकायला वेळ जातो. काम लवकर संपवायचं होतं..." ते उठून उभे राहिले. "मी खाली उतरून बघायला हवं होतं. पोरांनी सांगितलं होतं मला."

दुसऱ्या दिवशी तहसीलदारीणबाई मावशीबरोबर आणि पोरांबरोबर डोंगरावर फिरल्या. आणखी दोन दऱ्यांच्या तोंडाशी असेच ढिगारे होते आणि त्यांच्याही खाली घरं होती. तिथल्या माणसांना त्याच दिवशी हलवलं गेलं. रस्त्याचं काम बंद करायचा हुकूम निघाला. साहेबांवर आणि कंत्राटदारावर गुन्हा दाखल झाला.

उमरग्याला परतायच्या सकाळी सगळी वस्ती शाळेच्या आवारात जमली. घरं राहण्याजोगी होईपर्यंत सगळ्यांचा मुक्काम शाळेतच होता. तहसीलदारीणबाईंनी चौघांची नावं घेतली, टाळ्या वाजल्या. मग गुरुसिद्धप्पा आजोबा उठले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"म्या काठी उगारली होती ह्या पोरांवर," ते म्हणाले. "आमी शेळ्यांसाठी पळालो म्हणून वाचलो. पोरांनी सांगितलं म्हणून न्हाय. पुढच्या बारीला पोरं काय सांगत्यात ते आधी ऐकायचं. म्या ऐकीन, समद्यांनी ऐकायचं." त्यांनी एकेकाच्या पाठीवरून हात फिरवला. बंडप्पाकाका मागे उभे होते. त्यांनी सोनालीकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

सत्कार संपल्यावर सोनाली दिसेना. महेश्वरीला ती ओढ्याकडच्या रानात सापडली. तिथे आता रान नव्हतं. जिथवर नजर जाईल तिथवर दगडगोटे होते.

"मावशीला विचारलं म्या," सोनाली म्हणाली, "परत माती कधी यायची म्हणून."

"काय म्हणाली?"

"माझ्या नातवंडांच्या नातवंडांना बघायला मिळंल म्हणली. तेबी वरचं गवत टिकलं तर."

महेश्वरीला काहीतरी बोलायचं होतं, धीर द्यायचा होता. पण खोटं बोलावंसं वाटेना. ती सोनालीशेजारी एका दगडावर बसली. मागून योगीराज आणि शिवकुमार आले, तेही बसले. दूरवर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मावशीने कंडक्टरला थांबायची खूण केली, आणि पोरांना हाक मारली नाही.